आप्ताविरुद्ध तक्रार : कल्याणयोजनांतील गैरलाभ आणि नात्याचे कर्तव्य

‘आपलेच दात आणि आपलेच ओठ’ या म्हणीत मराठी समाजाने एक अवघड नैतिक अनुभव साठवून ठेवला आहे. दुखावणारा आपला आणि दुखावला जाणाराही आपलाच, अशा वेळी न्याय मागावा कोणाकडे, हा तिचा आशय होय. शासकीय योजनेचा लाभ आपला एखादा नातलग खोट्या माहितीच्या आधारे घेत आहे असे ज्याला निश्चितपणे ठाऊक आहे, त्याची स्थिती नेमकी अशी असते. मौन पाळावे तर सार्वजनिक पैशाच्या अपहाराला संमती दिल्यासारखे होते. तक्रार करावी तर घरभेदीपणाचा डाग जन्मभर पुसला जात नाही.

हा पेच सर्वत्र संभवतो. तथापि जळगाव व धुळे जिल्ह्यांतील खेड्यांत त्याला विशेष धार आहे. तेथे एकाच गल्लीत चार चुलत घरे नांदतात, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या भावाभावांत वाटलेल्या असतात आणि बांधावरील तंटे दोन-दोन पिढ्या चालतात. कोणाच्या घरात किती पैसा येतो व कोठून येतो, हे तलाठ्याच्या दप्तरापेक्षा भाऊबंदांना अधिक अचूक ठाऊक असते. म्हणूनच लाभार्थ्यांच्या पडताळणीचा प्रश्न निघाला की नातलगाची साक्ष शासनाला मोलाची वाटू लागते.

असा प्रसंग अलीकडे प्रत्यक्ष आला. २८ जून २०२४ च्या शासननिर्णयाने महाराष्ट्रात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना सुरू झाली आणि पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. अर्ज अल्पावधीत व प्रचंड संख्येने स्वीकारले गेले. पात्रतेचा बराच भार अर्जदाराच्या हमीपत्रावर ठेवण्यात आला. जानेवारी २०२५ च्या आरंभी महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी असे स्पष्ट केले की, पडताळणी सरसकट होणार नसून ज्यांविषयी तक्रारी येतील त्या अर्जांची होईल. या एका वाक्याने पडताळणीचे काम अंशतः शेजाऱ्यांच्या, दिरांच्या आणि जावांच्या हाती गेले. त्या हाती ते किती सोपवावे आणि सोपविले असता नातलगाने काय करावे, हे दोन्ही प्रश्न येथे विचारात घ्यावयाचे आहेत.

गैरलाभ आणि नियमभंग

प्रथम गैरलाभ कशाला म्हणावे, हे निश्चित केले पाहिजे. नियमात न बसणारा लाभ आणि लबाडीने घेतलेला लाभ या दोन गोष्टी एक नव्हेत. उपर्युक्त योजनेच्या मूळ निर्णयात पाच एकरांहून अधिक शेती असलेली कुटुंबे अपात्र होती. ३ जुलै २०२४ रोजी ती अट वगळण्यात आली आणि वयाची कमाल मर्यादा ६० वरून ६५ वर नेण्यात आली. म्हणजे जी स्त्री महिन्याच्या आरंभी अपात्र होती ती तीनच दिवसांनी पात्र ठरली. तिच्या आचरणात मात्र तिळमात्र फरक पडला नव्हता. खानदेशाच्या संदर्भात या अटीची विसंगती सहज ध्यानात येते. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातील पाच एकर बागायत आणि शिंदखेडा किंवा पारोळा तालुक्यातील पाच एकर कोरडवाहू यांना एकाच मापाने मोजणे मुळातच अन्याय्य होते.

दुसरे उदाहरण उत्पन्नाच्या दाखल्याचे. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली. तिच्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा दीर्घकाळ २१,००० रुपये राहिली. २०२४-२५ या वर्षी रोजगार हमीची महाराष्ट्रातील मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. या दराने घरातील एकाच माणसाने वर्षात ७१ दिवस काम केले तरी मर्यादा ओलांडली जाते. ज्या विधवेचा मुलगा वर्षातून तीन महिने कापूस वेचावयास जातो तिने खरे उत्पन्न सांगितले तर ती निराधार ठरत नाही आणि ठरली नाही तर तिचे औषधपाणी चालत नाही. तिच्या दाखल्यातील आकडा असत्य असेल. परंतु सत्य सांगणे तिला अशक्य करून ठेवणारी मर्यादाही त्या असत्याची वाटेकरी आहे.

याउलट, मृत आईच्या नावे येणारे अनुदान तिच्या पश्चात मुलाने काढीत राहणे, पुरुषाने स्त्रीच्या नावे अर्ज भरणे किंवा नोकरदाराने नोकरी दडवून निर्धनाचा दाखला मिळविणे, यांत नियमाच्या कठोरतेचा प्रश्न येत नाही. तेथे फसविण्याचा हेतू स्पष्ट असतो. या दोहोंच्या मध्ये तिसरा वर्ग आहे. अर्ज शिबिरात दुसऱ्यानेच भरला, सही वा अंगठा तेवढा बाईचा आणि कागदावर काय लिहिले आहे ते तिने वाचलेलेच नाही, असे पुष्कळदा घडते. तेथे दोष असला तरी तो कोणाचा, हे ठरविणे कठीण असते.

तक्रार करू इच्छिणाऱ्याने आणखी एक गोष्ट जाणून घेणे अवश्य आहे. त्याला वस्तुस्थिती ठाऊक असली तरी नियम ठाऊक असतोच असे नाही. लाडकी बहीण योजनेत ‘कुटुंब’ या शब्दाने पती, पत्नी व त्यांची अविवाहित मुले एवढेच अभिप्रेत होते. यास्तव दाराशी दिराची मोटार उभी असली म्हणून भावजय अपात्र ठरत नाही. ट्रॅक्टर तर चारचाकीच्या अटीतून वगळलेलाच होता. ‘त्यांच्या घरी गाडी आहे, तरी पैसे घेतात’ हे वाक्य खरे असूनही तक्रार खोटी असू शकते.

हानी कोणाची?

लबाडी सिद्ध झाली तरी तिची हानी कोणाला पोहोचते, यावर तक्रारीचे कर्तव्य किती तीव्र हे अवलंबून राहते. ‘सरकारचा पैसा म्हणजे कोणाचाच नाही’ हा समज खेड्यांत आणि शहरांतही रूढ आहे. तो चुकीचा आहे; परंतु सर्व योजनांत तो सारख्याच प्रमाणात चुकीचा नाही.

काही योजना मर्यादित जागांच्या असतात. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली स्वस्त धान्याच्या लाभार्थ्यांचा इष्टांक ठरलेला असतो. तो भरलेला असेल तर नवे नाव जुने नाव कमी झाल्याखेरीज चढत नाही. ग्रामीण घरकुलांची यादीही प्राधान्यक्रमाने लागते. अशा योजनेत पक्के घर असलेल्या चुलतभावाने घरकुल मिळविले म्हणजे यादीतील कोणी एक माणूस, बहुधा त्याच गावातील, आणखी काही पावसाळे गळक्या छपराखाली काढतो. येथे हानी अमूर्त नाही. तिला चेहरा आहे. नातलगाविषयी मौन पाळणारा या दुसऱ्या माणसाच्या वाट्याचे दान परस्पर करीत असतो, आणि दुसऱ्याच्या वस्तूचे दान करून आपले नाते सांभाळण्याचा अधिकार कोणालाही नाही.

दुसऱ्या योजनांत पात्र ठरेल त्या प्रत्येकाला लाभ मिळावयाचा असतो. तेथे एकाने गैरलाभ घेतला म्हणून दुसऱ्या विशिष्ट व्यक्तीचे नाव कटत नाही. भार तिजोरीवर पडतो. तो भार पुढे अटी कडक होणे, हप्ते लांबणे या मार्गांनी पात्र स्त्रियांवरच येतो, ही गोष्ट खरी. परंतु हानी विखुरलेली असल्यामुळे तक्रारीची निकड तुलनेने सौम्य होते. नैतिक विचारात हा भेद दुर्लक्षून चालणार नाही.

कायद्याची अपेक्षा

नातलगाचा गुन्हा कळविण्याची सक्ती कायदा करतो काय? याचे उत्तर बहुतेकांना अनपेक्षित वाटेल. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३९ व्या कलमात, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३३ व्या कलमात, कोणते गुन्हे कळविणे प्रत्येक नागरिकावर बंधनकारक आहे त्यांची यादी दिलेली आहे. खून, दरोडा, खंडणीसाठी अपहरण यांसारखे गुन्हे तीत आहेत. सामान्य फसवणुकीचा गुन्हा तीत नाही. लोकसेवकाने केलेला विश्वासघातपूर्वक अपहार मात्र त्या यादीत आहे. म्हणजे भावाने खोट्या दाखल्यावर अनुदान घेतले तर ते कळविण्याची सक्ती कायदा नागरिकावर करीत नाही. ज्याच्या स्वाधीन ते अनुदान केलेले आहे अशा लोकसेवकाने ते गिळंकृत केले, तर ते कळविण्याचे कर्तव्य कायद्याने घातलेले आहे.

या भेदामागे सारासार विवेक आहे. जळगावच्या घरकुल प्रकरणाने तो याच भूमीत स्पष्ट केला. तत्कालीन महापालिका आयुक्तांनी २००६ साली फिर्याद दिली आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळे येथील विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरविले. गरिबांच्या घरांचा तो व्यवहार बाहेर पडला तो अधिकाऱ्याने दप्तर तपासल्यामुळे. भावाने भावावर पाळत ठेवल्यामुळे नव्हे. जेथे रक्कम मोठी तेथे कागद असतो, आणि कागद वाचण्यासाठी घर फोडावे लागत नाही.

नात्याला कायदा काही प्रमाणात मान देतो. गुन्हेगाराला आसरा देणे हा अपराध असला तरी पती-पत्नींना त्यातून सूट आहे. विवाहकाळात परस्परांत झालेले बोलणे उघड करण्याची सक्तीही साक्षीदार पती-पत्नींवर साधारणतः करता येत नाही. मात्र ही सवलत भाऊ, दीर, मेहुणा यांना नाही. आणि फसवणुकीत स्वतः हात असलेल्यास कोणत्याही नात्याची ढाल मिळत नाही. मौन बाळगणे व खोट्या दाखल्यावर साक्षीदाराची सही करणे, यांतील अंतर कायद्यानेही मानले आहे आणि नीतीनेही मानले पाहिजे.

परंपरेतील साक्षी

कायदा जेथे मोकळीक देतो तेथून नीतीचा खरा प्रश्न सुरू होतो. याविषयी प्राचीन विचारांत दोन टोके दिसतात. कन्फ्यूशियसच्या संवादांत एक प्रसिद्ध प्रसंग आहे. एका प्रांताधिपतीने आपल्या प्रजेतील एका सरळ माणसाचे कौतुक केले. त्या माणसाने बापाने मेंढी चोरल्याची साक्ष दिली होती. कन्फ्यूशियसने उलट असे प्रतिपादिले की, बापाने मुलाचे व मुलाने बापाचे झाकणे यातच सरळपणा आहे. पुढे सातव्या शतकातील तांग राजवटीच्या दंडसंहितेने राजद्रोहासारखे अपवाद सोडून आईबापांविरुद्ध फिर्याद करणाऱ्या मुलालाच दंडनीय ठरविले.

दुसरे टोक कौटिल्याचे. अर्थशास्त्रात राजद्रव्याच्या अपहाराची खबर देणाऱ्या सूचकाला सिद्ध झालेल्या रकमेचा सहावा हिस्सा आणि तो सेवक असल्यास बारावा हिस्सा सांगितला आहे. आरोप सिद्ध न झाल्यास सूचकाला शिक्षाही सांगितली आहे. येथे दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. हे विवेचन राजाच्या अधिकाऱ्यांनी केलेल्या अपहाराचे आहे. दरिद्री प्रजेच्या कुटुंबात डोकावण्याचे नव्हे. आणि बक्षिसाबरोबर दंडही ठेवल्यामुळे जिभेला जबाबदारीचा लगाम बसतो.

मराठी मनाला अधिक जवळचा दृष्टान्त विभीषणाचा आहे. रामायणात तो धर्मनिष्ठ म्हणून गौरविला गेला. लोकव्यवहारात मात्र त्याचे नाव घरभेद्याला पर्याय होऊन बसले. या दुहेरी न्यायात एक सूक्ष्म गोष्ट हरवते. विभीषणाने प्रथम रावणाला भरसभेत समजाविले, एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा. अपमान झाल्यावर तो उघडपणे निघून गेला. महाभारतातील विदुरानेही धृतराष्ट्राला जे सांगावयाचे ते तोंडावर सांगितले. लोकांना खरा तिटकारा आहे तो पाठीमागे केलेल्या भेदाचा. तोंडावर केलेल्या निषेधाचा नव्हे. कन्फ्यूशियसच्या परंपरेतही आईबाप चुकत असता त्यांना नम्रपणे समजाविणे हे मुलाचे कर्तव्यच मानले आहे. म्हणजे ‘झाकणे’ याचा अर्थ ‘चालू देणे’ असा तेथेही नाही.

भाऊबंदकी आणि तक्रारीचा हेतू

खानदेशातील खेड्यात तक्रारीकडे संशयाने पाहिले जाते, त्याला कारण आहे. निनावी अर्ज हे भाऊबंदकीचे जुने हत्यार आहे. बांधाचा तंटा, वाटणीतील विहीर, मोडलेली सोयरीक किंवा ग्रामपंचायतीची निवडणूक यांचा सूड तहसील कचेरीत पाठविलेल्या अर्जाने उगवता येतो. अर्ज खरा असला तरी तो जनहितासाठी केलेला नसतो.

हेतू वाईट असला म्हणून माहिती खोटी ठरत नाही, असा आक्षेप येथे घेता येईल आणि शासनाच्या दृष्टीने तो बरोबर आहे. अधिकाऱ्याने अर्जातील वस्तुस्थिती तपासावी. अर्जदाराचे अंतःकरण तपासू नये. परंतु तक्रार करावी की नाही याचा निर्णय घेणाऱ्या व्यक्तीला स्वतःच्या हेतूकडे डोळेझाक करता येत नाही. त्यासाठी एक साधी कसोटी पुरेशी आहे : हाच गैरलाभ आपल्या पक्षातील, आपल्याशी गोड असलेल्या नातलगाने घेतला असता तर तक्रार केली असती काय? उत्तर नकारार्थी असेल तर त्या तक्रारीला सत्याचे वस्त्र असले तरी आत सूडच आहे.

इतिहासाने याहून मोठा धोकाही दाखविला आहे. सोव्हिएत राजवटीने पाव्लिक मोरोझोव्ह या १९३२ साली मारल्या गेलेल्या मुलाला, बापाविरुद्ध खबर दिली म्हणून, राष्ट्रवीराचे स्थान दिले. त्याच्या कथेतील तपशील पुढे संशोधकांनी वादग्रस्त ठरविले. परंतु एका पिढीला जो धडा दिला गेला तो स्पष्ट होता. घरातील विश्वास हा राज्याच्या उपयोगाचा कच्चा माल आहे, असे एकदा ठरले की घरही उरत नाही आणि राज्याला मिळणाऱ्या साक्षीचे सत्यत्वही उरत नाही.

कर्तव्याचा क्रम

वरील विवेचनावरून असा निष्कर्ष निघतो की, नाते हे लपविण्याचे अनुज्ञापत्र नव्हे. ते कर्तव्याचा क्रम ठरविते. परक्याची लबाडी दिसली असता माणूस थेट कचेरीत जाऊ शकतो. आप्ताची दिसली असता पहिले पाऊल त्याच्याच उंबऱ्यावर पडले पाहिजे.

एक कल्पित उदाहरण घेता येईल. चोपडा तालुक्यातील एका वृद्धेला श्रावणबाळ योजनेचे अनुदान मिळत होते. ती वारली; धाकटा मुलगा तिच्या खात्यातून पैसे काढीतच राहिला. थोरल्याला हे ठाऊक आहे. धाकट्याची शेती दोन वर्षे बुडाली आहे, त्याच्या मुलीचे शिक्षण चालू आहे, हेही त्याला ठाऊक आहे. थोरल्याचे पहिले कर्तव्य धाकट्याला समोरासमोर सांगण्याचे आहे. दुसरे कर्तव्य, जे बहुधा विसरले जाते, ते त्याला सुटण्याची वाट काढून देण्याचे आहे : मृत्यूचा दाखला तहसील कार्यालयात नेऊन देणे, काढलेली रक्कम परत भरण्यास हातभार लावणे, मुलीच्या खर्चाचा काही भाग उचलणे. जो मदतीचा हात पुढे करीत नाही, त्याच्या उपदेशाला नैतिक वजन येत नाही. एवढे करूनही धाकटा ऐकत नसेल, तर थोरल्याने पुढील पाऊल टाकण्यापूर्वी ते त्याला सांगून टाकावे. आणि मग जे कळवावयाचे ते स्वतःच्या नावाने कळवावे. नावानिशी केलेली तक्रार नाते ताणते; निनावी तक्रार त्या घरातील प्रत्येक नात्यावर संशय पसरविते.

लाभ आपण होऊन सोडण्याची वाट काल्पनिक नाही. जानेवारी २०२५ मध्ये धुळे तालुक्यातील एका स्त्रीच्या नावे आलेले पाच हप्त्यांचे ७,५०० रुपये शासनाकडे परत जमा झाल्याची वार्ता राज्यभर गाजली. त्याच सुमारास काही हजार स्त्रियांनी लाभ नको असल्याचे अर्ज दिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे ५,००,००० स्त्रिया अपात्र ठरविण्यात आल्या. तोवर जमा झालेली रक्कम परत घेतली जाणार नाही, असे शासनाने त्या वेळी जाहीर केले. परतीचा रस्ता अपमानाविना मोकळा असेल तर नातलगाच्या शब्दाला यश येण्याचा संभव वाढतो. रस्ता फक्त तुरुंगाकडे जात असेल तर प्रेमळ नातलग गप्पच राहतो, आणि बोलतो तो केवळ वैरी.

या क्रमाला एक मर्यादा आहे. गैरलाभाबरोबर घरातील दुर्बलाचा छळ होत असेल, उदाहरणार्थ, वृद्ध आईचे अनुदान काढून तिलाच उपाशी ठेवले जात असेल, तर समजावणीत काळ घालविणे हाही अपराध होईल. तेथे प्रश्न तिजोरीचा राहत नाही. ज्या नात्याच्या नावाने मौन पाळावयाचे ते नातेच तेथे मोडलेले असते.

शासनाचा वाटा

अखेरीस हा पेच निर्माण कोण करतो, हेही पाहणे प्राप्त आहे. फेब्रुवारी २०२५ च्या आकड्यांत सुमारे २,३०,००० स्त्रिया संजय गांधी योजनेचा लाभ आधीच घेणाऱ्या होत्या आणि १,१०,००० स्त्रिया ६५ वर्षांवरील होत्या. जुलै २०२५ मध्ये सुमारे २६,३४,००० जणांचा लाभ, माहिती तंत्रज्ञान विभागाने दिलेल्या माहितीवरून, पडताळणीसाठी तात्पुरता थांबविण्यात आला. यांपैकी बहुतेक बाबी शासनाच्याच निरनिराळ्या दप्तरांत पूर्वीपासून नोंदलेल्या होत्या. वय आधारपत्रात, दुसरे अनुदान तहसीलदाराच्या यादीत, मोटार परिवहन कार्यालयात आणि नोकरी वेतनपटात. ही दप्तरे पैसे देण्यापूर्वी परस्परांशी ताडून पाहिली असती तर कोणत्याही जावेला जावेविरुद्ध अर्ज करण्याचे कारण पडले नसते.

दप्तराने जे कळू शकते ते नातलगाकडून काढून घेणे ही शासनाची आळशी काटकसर आहे. तिची किंमत घराघरांतील विश्वासाने चुकती होते. जे केवळ घरालाच ठाऊक असते, म्हणजे कागदावरील वेगळी चूल प्रत्यक्षात एकच आहे किंवा निराधार म्हणून नोंदलेल्या स्त्रीला मुलगा नियमित पैसे पाठवितो, तेवढ्याच क्षेत्रात नातलगाच्या विवेकाला खरे काम उरते. ते क्षेत्र लहान आहे. तेथे उंबऱ्यावर जाऊन बोलण्याचे धैर्य, सुटण्यासाठी मदत करण्याची तयारी आणि अखेर आपल्या नावाने उभे राहण्याचा प्रामाणिकपणा, ही तिन्ही ज्याच्यापाशी आहेत त्याच्या तक्रारीला घरभेद म्हणता येणार नाही. आणि ज्याच्यापाशी यांपैकी एकही नाही त्याच्या मौनाला मायाही म्हणता येणार नाही.